गुंड्या गुरुवारी अंडं खात नाही, तो दत्तभक्त आहे का?

प्रिय डोंबिवलीची सूनबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खूप हसले, दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू खरंच वैतागली आहेस. म्हणजे तुमचा गुंड्या, चार वर्षांचा गावठी कुत्रा, संध्याकाळी सातला घंटी वाजली की हातातलं नाही तर तोंडातलं सगळं टाकून देव्हाऱ्यासमोर येऊन बसतो, सासूबाईंनी शंख फुंकला की मान वर करून त्यांच्यापेक्षा मोठा सूर लावतो, आणि गुरुवारी अंडं पुढ्यात ठेवलं तर चक्क तोंड फिरवतो. त्यावरून सासूबाईंनी ठरवून टाकलंय की दत्ताच्या पायाशी चार आहेत, हा पाचवा, आणि श्रावण लागल्यापासून त्याचं अंडं-चिकन बंद. तुमची मांजर मनी आरतीच्या वेळी फ्रिजवर पाठ फिरवून झोपते म्हणून ती नास्तिक, पण उपास तिलाही. नवरा म्हणतो कुत्र्याला कसला आलाय देव, आणि रोज जेवताना यावरून वाद. तू विचारतेस, ताई, प्राण्यांना श्रद्धा असते का आणि मी कुणाची बाजू घेऊ?

आधी शंखाचं सांगते. कुत्रा हा लांडग्यांच्या कुळातला, आणि लांडगे लांबून एकमेकांना हाक मारतात ती अशीच, एकच सूर लांबवत. त्यामुळे शंख असो, अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन असो, लांब सूर कानावर पडला की बरेच कुत्रे उत्तर देतात. गुंड्याला बहुतेक वाटतं सासूबाई कुणाला तरी बोलावतायत, आणि घरातलं कुणीच ओ देत नाही म्हटल्यावर तो देतो! मला तर हे फार गोड वाटलं.

आता घंटी. आरतीनंतर त्याला काय मिळतं ते तू पत्रात सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंयस, अर्धा पेढा. अगं मग झालं की. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1948 साली एक प्रयोग छापला होता, भुकेली कबुतरं पेटीत ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळानं दाणे आपोआप पुढं येणार अशी सोय केली. आठातल्या सहा कबुतरांनी आपापला एक विधीच बसवला, एक तर दाणे येईपर्यंत गोल गोल फिरायचं, जणू आपण फिरलो म्हणूनच दाणे आले. स्किनरनं त्याला अंधश्रद्धाच म्हटलंय. गुंड्याचा हिशोब तर त्या कबुतरांपेक्षा पक्का आहे, घंटी वाजली, बसलो, पेढा आला, आणि रोज येतो.

गुरुवारच्या अंड्याचं उत्तरही तुझ्याच पत्रात आहे. त्या दिवशी सासूबाई उपासाची साबुदाण्याची खिचडी करतात आणि पहिला घास त्याला, दुसराही त्याला. पोट टम्म भरल्यावर तो अंड्याकडे बघेल कशाला?

पण म्हणून नवऱ्याचं बरोबर असं मी म्हणणार नाही. सासूबाई आठ दिवस गावाला गेल्या तेव्हा तुम्ही घंटी वाजवलीत, पेढाही दिलात, तरी तो देव्हाऱ्याकडे न बसता दाराकडे तोंड करून बसला, असं तूच लिहिलंयस. ही श्रद्धा नाही तर काय आहे मग? देवाबद्दल त्याला काही कळत असेल असं मला वाटत नाही, पण माणसावर विश्वास टाकणं त्याला पुरतं कळतं. हे सासूबाईंना सांग, त्यांना वाईट वाटणार नाही, उलट बरंच वाटेल.

त्या पैठणच्या रेड्याचं उदाहरण देतात म्हणालीस, जुन्नरजवळ आळ्याला त्याची समाधी आहे, लोक अजून नमस्काराला जातात, त्यामुळे तिथं वाद घालूच नकोस. त्यांना नामदेवांची गोष्ट आठवून दे. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं. त्या गाढवाची भक्ती किती, हे कुणी विचारलं नाही गं, त्याची तहान बघितली. आपल्याकडच्या या गोष्टींत परीक्षा माणसाची असते, जनावराची नाही.

आणि इथं मी ठाम आहे. मनीचा उपास आजच्या आज बंद कर. मांजर मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे, तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य वनस्पतींत मिळत नाही आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, पण ते व्हेटला विचारून, नुसत्या वरणभातावर नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा गुंड्याच्या तोंडात अजिबात जाता कामा नये, द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडन्या निकामी करू शकतात. कापूरही दोघांना विषारी, डबी वरच्या फळीवर ठेव. पेढा नखाएवढाच.

श्रावणात स्वयंपाकघरात चिकन शिजणार नाही हा सासूबाईंचा नेम, तो मोडायला लावू नकोस. दोघांचं तयार खाणं आण, पिशव्या आणि भांडी बाल्कनीत ठेव, म्हणजे त्यांच्या ओट्याला काही लागणार नाही. त्यांना एवढंच म्हण, आई, उपास तुमचा, यांचं पोट माझ्याकडे. आरतीला गुंड्याला बसू दे, सूरही लावू दे. फक्त शंख त्याच्या कानाशी नको, आपल्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त ऐकू येतं, दोन पावलं लांबून फुंका.

आणि येत्या गुरुवारी खिचडी जरा कमी देऊन बघा, काय होतं ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई