आधी काना बघ

चिरंजीवास आशीर्वाद.

रविवारी तुझा मोडी लिपीचा वर्ग सुटल्यावर पंचवटीत चहा पिताना तू जे विचारलंस, ते मी हसण्यावारी नेलं. पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही. जुन्या पुस्तकांच्या समासातली मोडी मुलांना लागत नाही, कंटाळून ती गळतात. मग अडलेला शब्द आपणच अंदाजाने भरून वाक्य लावून दिलं तर कुठे बिघडलं, असं तुझं म्हणणं.

बिघडतं. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नंतर.

मोडीत अंदाज बांधावाच लागतो, हे काय मला ठाऊक नाही? लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग शक्यतो बोरू न उचलता तिला अक्षरं टांगत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणूनच तर जे उरतं, एखादा काना, एखादी मात्रा, ते सोन्यासारखं जपायचं.

येवल्याच्या एका घरातून शिळाप्रेसवर छापलेली पोथी माझ्याकडे आली होती. मी तिशीत होतो, भोवती दोन विद्यार्थी, अंगात मस्ती. मागच्या कोऱ्या पानावर मोडीत तिथी, शके १७९० आणि दोन शब्द. येवलं म्हणजे पैठणीचे माग. मी एका दमात वाचलं : 'सूत दिल्हे'. विणकराची देण्याघेण्याची नोंद! विद्यार्थ्यांतली मुलगी म्हणाली, "सर, इथे काना आहे. दिल्हा दिसतंय." मी म्हणालो, लिहिणाऱ्याची चूक. पोथी परत केली, सोबत चिठ्ठी : हिशेबाचं पान, विशेष काही नाही.

काही वर्षांनी त्या घरातल्या आजी भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ लहानपणी दत्तक गेला. सुत दिल्हा. मुलगा दिला होता रे! कुणीतरी ते दोन शब्द पोथीच्या पाठीवर लिहून ठेवले होते आणि मी त्यांचा धागा केला. पोथीची चौकशी केली, तर ती रद्दीत गेली होती. विशेष काही नव्हतंच ना तिच्यात.

पोथ्या उतरवणारे चुकीच्या अक्षरावर हरताळ, म्हणजे अक्षर झाकणारा पिवळा रंग, फासत, पण स्वतःच्या चुकीवर. मी दुसऱ्याच्या बरोबर अक्षरावर फासला.

रामकुंडावरचे उपाध्ये वंशावळीच्या वह्या झरझर वाचतात, असा दाखला तू दिलास. अरे, ते बापाचं, आजोबांचं अक्षर लहानपणापासून बघत आलेले असतात. समोर बसलेला यजमान 'नाही हो, ते माझे चुलते' म्हणून तिथल्या तिथे दुरुस्तीही करतो. समासात लिहिणारा माणूस तुला दुरुस्त करायला येणार आहे?

मुलांना छापील मोडी बाराखडी देणं आधी थांबव. त्याच पानावरचे ओळखीचे शब्द शोधायला लाव : श्री, शके, महिन्याचं नाव. त्यातून त्या हाताची बाराखडी त्यांनाच करू दे. शाई फिकी असेल तर टॉर्च बाजूने, तिरपा धर. बोरूची कागदावरची खूण कधी कधी उजेडात येते. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. पाच अक्षरं अडली, पाच टिंबं. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, पण साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत ७९, हे फळ्यावर लिहून टाक, त्यावर तास घालवू नकोस. टिंबांवर घालव.

मुलं जातील म्हणतोस. माझीही गेली. खडूस म्हणून गेली, आणि काही खरोखर हुशार होती. माझ्या बोलण्याची धार कमी असती तर टिकली असती, हे कबूल. पण टिंबं भरून देऊन त्यांना थांबवलं असतं तर ती काय वाचायला शिकली असती? माझं अक्षर? एवढ्या वर्षांत या एका बाबतीत मी नमलो नाही आणि तुझ्यासाठीही नमणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

ती काना बघणारी मुलगी पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. तिला नंतर मी शोधलं नाही.

तुझ्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा मुलगा, जो परवा 'इथे काहीतरी वेगळं आहे' एवढंच म्हणून गप्प बसला, त्याला ते पान पुन्हा दे. त्याचं टिंबांसकटचं वाचन मला पाठव. तुझं पाठवू नकोस.