सफर-शंका : ग्वाल्हेर एका दिवसात उरकतं का?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आग्र्याला जाणारी मराठी माणसं ग्वाल्हेर स्टेशन गाडीतल्या गाडीत झोपेत ओलांडतात, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय.

ताई, दिवाळीनंतर आग्रा-मथुरा करतोय, आम्ही चौघं. ट्रॅव्हलवाला म्हणतो वाटेत ग्वाल्हेर अर्ध्या दिवसात उरकून टाकू. चालेल का? (पुणे)

उरकायचंच असेल तर नका उतरू, खरंच सांगते. अर्ध्या दिवसात तो तुम्हाला गाडीने किल्ल्यावर नेणार, मानमंदिर महालासमोर फोटो, मग शिंद्यांचा जयविलास पॅलेस, जेवण, चला आग्रा. म्हणजे किल्ल्याचा जो चढ बघायचा तोच बघायचा राहणार. निदान दोन पूर्ण दिवस ठेवा, आसपासचं बघायचं तर तीन. तुम्ही पुण्याचे म्हणजे झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने थेट ग्वाल्हेरलाच उतरू शकता, आणि आग्रा तिथून जेमतेम १२० किलोमीटर, ते नंतर करा.

आता किल्ला कसा बघायचा. वर जायला दोन वाटा. पश्चिमेला उरवाई गेट, तिथून गाडी वर जाते, आणि पूर्वेला ग्वाल्हेर गेट, तिथून पायीच. सगळे टूरवाले उरवाईने नेतात आणि उरवाईनेच उतरवतात. तुम्ही सकाळी लवकर पूर्वेकडून चालत चढा. पायथ्यालाच गुजरी महाल आहे, राजा मानसिंह तोमरने आपल्या मृगनयनी राणीसाठी बांधलेला, आता तिथे पुरातत्त्वाचं म्युझियम आहे (सोमवारी बंद असतं, त्या हिशोबाने दिवस ठरवा). त्यात ग्यारसपूरहून आणलेली शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची दगडी मूर्ती आहे, मूर्ती तशी लहानशी पण तिच्यासाठी वाकडी वाट करून गेलं तरी चालेल, आणि समोर दिसली नाही तर तिथल्या माणसाला विचारा, लाजू नका. मग एकेक दरवाजा ओलांडत हाथी पोलपर्यंत, आणि त्या चढावरून मानमंदिराची भिंत जी अंगावर येते ना, निळ्या-पिवळ्या टाइल्सची बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं, ते वरच्या पार्किंगमधून दिसतच नाही. मानसिंह १४८६ ते १५१६ गादीवर होता, म्हणजे ह्या टाइल्स पाचशे वर्षं ऊन खातायत आणि अजून निळ्या आहेत. त्याच महालाच्या तळघरांचा पुढे मुघलांनी तुरुंग केला, औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला ह्याच किल्ल्यात ठेवलं आणि १६६१ मध्ये इथेच मारलं. गाइड घ्या, पण तळघरात त्याने आवाज काढून घाबरवायला सुरुवात केली की पुढे चला.

वर सास-बहू मंदिरं (मोठं १०९३ मध्ये पुरं झालं), मग तेली का मंदिर, साधारण तीस मीटर उंच, आणि त्याचं छप्पर आपल्याकडच्या शिखरांसारखं निमुळतं होत नाही, वर लांबट गोल कमान टाकल्यासारखं आहे. शेजारी दाता बंदी छोड गुरुद्वारा. जहांगीरने सहावे गुरू हरगोबिंद यांना ह्याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, आणि ते सुटले तेव्हा आपल्याबरोबर ५२ राजांनाही सोडवून घेऊन गेले, अशी शीख परंपरा सांगते. लंगरमध्ये जेवून घ्या, तोपर्यंत भूक लागलेलीच असेल. उतरताना मात्र उरवाईने उतरा, कारण त्या रस्त्याला कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, १५व्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या, सगळ्यात मोठी १७ मीटरच्या आसपास. बाबराने त्या फोडायचा हुकूम दिला होता आणि तसं स्वतःच्या आठवणींत लिहूनही ठेवलंय. बऱ्याच मूर्तींचे चेहरे नंतर दुरुस्त केलेले आहेत, नीट बघितलं तर कळतं.

आई ७४ वर्षांची, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला किल्ला जमेल का? (ठाणे)

जमेल, पण त्यांना उरवाईने गाडीतून न्या आणि वरचं वर दाखवा. मानमंदिराच्या आत अंधारे, अरुंद जिने आहेत, तिथे अजिबात नको, अंगणातच बसवा. वरची देवळं एकमेकांपासून बरीच लांब आहेत, हा किल्ला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा आहे, त्यामुळे गाडी सोडून देऊ नका, थांबवून ठेवा. जैन मूर्ती तर रस्त्यालगतच आहेत.

मी शाळेत गणित शिकवते. जगातला पहिला शून्य ग्वाल्हेरला आहे म्हणतात, तो नक्की कुठे? (सांगली)

बाई, तुमच्यासाठीच तो पूर्वेचा रस्ता. त्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, एवढंसं, घाईत माणूस पुढे निघून जातो. कधीकधी कुलूप असतं, पहारेकऱ्याला सांगा. आत विष्णूच्या बाजूच्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, देवाला दिलेल्या फुलबागेचं माप त्यात आहे, २७० हात बाय १८७ हात, आणि रोज ५० माळा द्यायच्या असं लिहिलंय. त्या २७० आणि ५० मधला शून्य बघा, बारीकसा गोल, आपण लिहितो तसाच.

जगातला पहिला मात्र मुलांना सांगू नका. कंबोडियात ६८३ सालचा शिलालेख सापडलाय, त्यात शून्याच्या जागी टिंब आहे. भारतातल्या तारीखवार शिलालेखांतल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी एक, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. आणि मला विचाराल तर देवळाच्या हिशोबात, माळा मोजताना तो इतक्या सहज येतो यातच खरी मजा आहे, म्हणजे तोवर तो विद्वानांपुरता राहिलेला नव्हता.

शिंद्यांच्या महालात झुंबराला हत्ती टांगले होते हे खरं का? आणि मराठी माणसाने तिथे अजून काय बघावं? (सातारा)

टांगले नव्हते हो, छतावर चढवले होते असं सांगतात! जयविलास पॅलेस जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधला, दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं म्हणतात, मग छत पेलेल का बघायला आठ-दहा हत्ती वर फिरवले अशी तिथली गोष्ट. जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी रेल्वे आहे, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार फिरवायची. मुलं तिथून हलत नाहीत. महालाच्या एका भागात घराणं अजून राहतं, बाकीचं म्युझियम. तिकीट किल्ल्याच्या मानाने महाग आहे, पण एकदा बघाच.

तुम्ही साताऱ्याचे, शिंदे मूळचे तुमच्याच कण्हेरखेडचे, तेव्हा पॅलेसवर थांबू नका. खरं मराठी ग्वाल्हेर म्हणजे लष्कर. १८१० च्या सुमाराला दौलतरावांच्या फौजेचा तळ पडला आणि त्याचंच शहर झालं. महाराज बाडा नावाच्या चौकात उभं राहून चारी बाजूंनी बघा, टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, एकेका इमारतीची शैली वेगळी. मग छत्री बाजारात शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाधी-स्मारकं, ज्यांनी पुण्याला वानवडीची महादजींची छत्री बघितलीय त्यांना फार आवडतील. लष्करात अजून घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, हिंदीच्या वळणाचं गोड मराठी, ऐकायला मिळालं तर गप्पा मारा. संध्याकाळी फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी. जून १८५८ मध्ये लढाई इथेच झाली. त्यात शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते, किल्ला मात्र इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला आणि १८८६ मध्ये परत दिला तोही बदल्यात झाशी घेऊन. ग्वाल्हेरात राणीची समाधी आणि शिंद्यांचा पॅलेस एकमेकांपासून फार लांब नाहीत, गाइड मंडळी सोयीप्रमाणे एकच गोष्ट सांगतात, दोन्ही विचारा.

गाणं शिकतोय, तानसेनच्या समाधीला जायचंय. डिसेंबरमध्येच जावं का? (मिरज)

डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तो ऐकायचा तर हो. एरवी कधीही जा. समाधी हजीरा भागात, छोटीशी, साधी. शेजारी सूफी संत मुहम्मद गौस यांचा मोठा मकबरा, त्याच्या दगडी जाळ्यांपुढेच तुमचा तास जाईल. चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणून लोक झाड ओरबाडतात, मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं नंतरचं आहे, तेव्हा दया करा आणि घरी रियाज करा. लष्करातल्या जीवाजीगंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराचं सरोद घर नावाचं म्युझियम झालंय, तेही चुकवू नका. आणि तुम्ही मिरजेचे म्हणून सांगते, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हीच ग्वाल्हेरची गायकी आपल्याकडे आणली, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले ते तुमच्या मिरजेतच.

तिसरा दिवस आहे, ओरछा करू का? (नागपूर)

ओरछा १२० किलोमीटर, ते झाशीकडून वेगळं करा, तिथे मुक्कामच हवा. तिसरा दिवस मुरैनाकडे द्या, मितावली, पडावली, बटेश्वर, तिन्ही जवळजवळ आहेत आणि ग्वाल्हेरहून चाळीसेक किलोमीटर. बटेश्वरला प्रतिहार काळातली दोनशेच्या आसपास छोटी देवळं होती, सगळी ढासळून दगडांचा खच झालेला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून दगडाला दगड जुळवत बरीचशी परत उभी केली, तेही त्या भागात डाकू निर्भय गुज्जरच्या टोळीचा वावर असताना. मी तर म्हणेन वेळ कमी असेल तर पॅलेस सोडा पण बटेश्वर सोडू नका. मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर, गोल, संसदेची जुनी इमारत यावरूनच घेतली असं सगळे ठासून सांगतात, पुरावा कोणी दाखवत नाही. तिथे खायला-प्यायला नीट काही मिळत नाही, पाणी आणि डबा बरोबर ठेवा, गाडी ग्वाल्हेरहूनच ठरवून न्या.

मुलांना मे महिन्याचीच सुट्टी असते. गेलं तर चालेल? (मुंबई)

नको. ४५ डिग्रीच्या वर पारा जातो आणि किल्ला सगळा उघडा दगड. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बघा, फक्त डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात, परतीचं तिकीट घट्ट वेळेचं काढू नका. थंडीत गेलात की मुरैनाची गजक (तीळ-गुळाची मिठाई) ताजी मिळते, ती दुकानात समोर कुटताना दिसेल तिथूनच घ्या, स्टेशनवरचे पॅक डबे नको.