बाराव्या पानावरचा सूर्योदय

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची ८० पानं शनिवारी जेवण झाल्यावर हातात घेतली आणि चहाची वेळ टळून गेली तरी खाली ठेवली नाहीत. सुट्टीत वाचायच्या पुस्तकाला याहून मोठी पावती नसते. ‘हे काही फार साहित्यिक नाही’ असं चिठ्ठीत लिहिलंयस, ते पुन्हा लिहू नकोस. कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर माणसाला कुडाळपर्यंत जागं ठेवणं सोपं असतं, तर सगळ्यांनीच केलं असतं.

आता भांडण. बाराव्या पानावर तुझी मॅनेजरबाई तारकर्लीच्या हॉटेलात पहाटे पडदा सारते आणि समुद्रातून सूर्य वर येतो. अगं, तारकर्लीचा समुद्र पश्चिमेला आहे! सूर्योदय हवाच असेल तर हॉटेल उचलून देवबागला ने. तिथे जमिनीची चिंचोळी पट्टी, पुढे समुद्र, मागे कर्ली नदी. सूर्य नदीच्या बाजूला उगवतो आणि समुद्रात बुडतो. पण मी तुझ्या जागी असते तर सूर्याचा नाद सोडून दिला असता. पौर्णिमेचा चंद्र पहाटे समुद्रात मावळतो. पुनवेची भरती आपल्या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणजे चंद्र बुडताना ओहोटी, तीही उधाणाच्या दिवसांतली, पाणी पार लांब गेलेलं. झोप न आलेली दोन माणसं त्या ओल्या वाळूवरून चालतायत. मेणबत्त्यांचं जेवण हवंय कशाला?

भरतीचं गणित तुझ्या कथानकातही चुकलंय. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. एका रविवारी संध्याकाळी ओहोटी असताना नायक खडकाच्या खोबणीत डबा लपवतो आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी कोरड्या पायांनी जाऊन काढतो. आठवड्यात सगळं उलटलेलं असतं, गं. तिथे आता पाणी आहे. त्याला सहा तास थांबावं लागेल. थांबू दे की! त्या सहा तासांत ती तिथे येऊ शकते.

खरी तक्रार रहस्याची. कुलूपबंद पेटीत सापडलेलं प्रेमपत्र वाड्यात चालेल, हॉटेलात नाही. उमेदीत मी तीन सीझन किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हिशेब लिहिलेत. पाहुणा लपवतो ते दुसऱ्या पाहुण्यांपासून. खोली झाडणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. जोडप्याच्या खोलीत सोफ्यावर रोज एक उशी, कचऱ्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट, रजिस्टरमध्ये ‘येण्याचं कारण : पर्यटन’ आणि टेबलावर तलाठ्याकडचा उतारा. तुझा नायक नागपूरचा ना? बोलताना त्याची जीभ मालवणीत घसरू देऊ नकोस, ते सगळेच करतात. त्याला जेवायला बसव. बांगड्याचं तिखलं वाढ. नवखा माणूस त्यातलं तिरफळ, ते मसाल्याचं फळ, चावतो आणि तोंड वाकडं करतो. हा मात्र गप्पा मारता मारता तिरफळं ताटाच्या कडेला काढतो, मधला काटा अख्खा उचलून ठेवतो. ताट उचलणाऱ्या बाईला तिथेच कळलं : हा नागपूरचा असेल, पण ज्या हातचं जेवलाय तो हात इथला.

म्हणजे त्याची आई इथली. आणि इथे तुला प्रेमपत्रापेक्षा सातबारा उपयोगी पडेल. कोकणात एकेका उताऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईतले चुलतभाऊ अशी नावांची रांग असते. जमीन सामायिक, म्हणजे हॉटेल उभं करायचं तर सगळ्यांच्या सह्या आल्या. लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीकडून, म्हणजे नायकाच्या आईकडून, हक्कसोडपत्र कुणी, कुठल्या दुपारी, काय सांगून करून घेतलं? भाच्याचं आडनाव वेगळं, म्हणून काउंटरवर कुणाला संशय आला नाही. आणि त्या कागदाची फाइल ज्या कपाटात आहे, त्याची किल्ली मालकाने विश्वासाने तुझ्या मॅनेजरबाईकडे दिलीय. आता तिला प्रेमात पडू दे.

शेवटच्या प्रकरणात जुलैमध्ये दोघं होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातात, ते काढून टाक. पावसाळ्यात त्या होड्या बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीचीही बंदी. पण जुलै ठेव. निम्मी माणसं भातलावणीला घरी गेलीत, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात, लाइट गेलीय, समुद्र रात्रभर गर्जतोय. ती एकटी हॉटेल सांभाळतेय आणि तो भिजत काउंटरशी येऊन उभा राहतो. रजिस्टर उघडून त्याचं नाव लिहायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचंय.

बारावं पान मात्र आजच दुरुस्त कर.

तुझ्या,
बाई