सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही पुण्यात असतो आणि दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा दिवस कोकणात जायचं ठरतंय. मुलगी सोळाची, अकरावीला आहे, दिवसभर चित्रं काढते, उन्हात बाहेर पड म्हटलं की तोंड वाकडं. मुलगा तेराचा, त्याला पाणी आणि धिंगाणा सोडून काही नको. सोबत नणंदेचा मुलगा येणारे, पंधराचा, गडकिल्ल्यांचं प्रचंड वेड, एकेक बुरूज मोजत बसतो. शिवाय सासूबाई, वय ७२. मागच्या वर्षी सगळ्यांना सगळं दाखवायच्या नादात रोज भांडणं झाली. यंदा तिघांनाही आवडेल असं एखादं ठिकाण सांगा ना. – एक आई, पुणे

उत्तर : असं ठिकाण नाहीये ताई. असतं तर मीच आधी गेले असते.

आमच्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय. माझी दोघं साधारण याच वयाची असताना आम्ही चार दिवसांत हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे सगळं उरकलं होतं, रोज नवीन खोली, रोज बॅगा भरा, ओले टॉवेल पिशवीत कोंबा आणि पळा. शेवटच्या दिवशी जयगडच्या किल्ल्याच्या दारात लेक गाडीतून उतरलीच नाही, एसी लावून बसून राहिली, मुलगा म्हणे मला भूक लागलीये, नवरा एकटाच आत जाऊन फोटो काढून आला आणि मी गाडी आणि किल्ला यांच्या मधे उभी राहून कोकम सरबत प्यायले. त्या सरबताचीच काय ती मजा आली.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, मुक्काम एक ठेवा आणि माणसं वेगवेगळ्या दिशांना सोडा. तुमच्या या टोळीला मालवण किंवा तारकर्ली बरं पडेल, कारण तिघांचंही तिथून तासा-दीड तासाच्या आत आहे. प्रत्येक पोराला एक अर्धा दिवस द्यायचा, तो त्याचा. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, रिक्षावाल्याला फोन कुणी करायचा, भाव काय, हे सगळं त्यानंच बघायचं. बाकीच्यांनी यायचं तर यावं, नाही आले तर खोलीवर झोपावं, त्यावरून टोमणे मारायचे नाहीत (हे मी आजीला नाही, तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना सांगतेय). रात्रीचं जेवण तेवढं सगळ्यांनी एकत्र.

गडवाल्या पोरापासून सुरुवात करते कारण ते सोपं आहे. सिंधुदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटांवर. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, दरवाजा असा वळणात लपवलाय की होडी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. फक्त एक करा, होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात आणि ४८ एकरांचा किल्ला तासात बघणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसती बडीशेप खाऊन येणं, म्हणून निघतानाच बोलून ठेवा की हा मुलगा आणि त्याचे मामा नंतरच्या होडीनं येतील. आणि त्याला खरंच खूश करायचं असेल तर मामा-भाच्यांना एक अख्खा दिवस विजयदुर्गला पाठवा, दोघंच. तिथे ‘साहेबाचा कट्टा’ म्हणून एक जागा दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आणि हेलियमच्या शोधाची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब तिथेच येऊन बसला होता असंही बऱ्याचदा ऐकू येतं, पण त्यानं आपली निरीक्षणं त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच केली होती आणि ग्रहणाच्या वेळी आंध्रात गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन. तुमचा भाचा बुरूज मोजणारा आहे म्हणताय ना, मग त्याला हे आधी सांगून ठेवा, गाईडशी वाद घालायला मिळाला की त्याची सुट्टी वसूल.

तेराच्या पोराला स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा. पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टर हात धरून खाली नेतात, पण दमा असेल, कानाचं दुखणं असेल किंवा साधी सर्दी असली तरी लपवू नका, सर्दीत कान उघडत नाहीत आणि पाण्याखाली ते भयंकर दुखतं. सकाळची वेळ घ्या, पोट हलकं ठेवा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला सुंदर आहे पण तिथे पाण्याला ओढ फार, पोहायला अजिबात सोडू नका, पोरगा कितीही म्हणाला की मी क्लासला जातो. क्लासच्या टँकला ओहोटी नसते.

ओहोटीवरून आठवलं. आमच्याकडे भरतीचा एक जुना हिशोब आहे, तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. ढोबळ आहे, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, नेमकं होडीवाल्यालाच विचारा. पण प्लॅनिंगला उपयोगी पडतं, कारण भाऊबीज आटपून निघालात तर पंचमी-षष्ठीला ओहोटी येते सकाळी दहा-साडेदहाच्या आसपास, म्हणजे तुमची लेक उठून, आवरून, केस तीनदा बांधून येईपर्यंत समुद्र तिच्यासाठी मागे सरून थांबलेला असतो. तेव्हा खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, शंख बघायला मिळतात आणि स्केचबुक घेऊन बसायला जागाही.

आता लेकीबद्दल, कारण मला वाटतं तुमची खरी काळजी तीच आहे. तिला समुद्राकडे ओढू नका, पिंगुळीला न्या. कुडाळच्या अगदी शेजारी. तिथे ठाकर समाजाची चित्रकथीची कला आहे, एकेका प्रसंगाचं सुटं चित्र, अशा चित्रांची पोथी, आणि सांगणारा ती पानं एकामागून एक समोर धरत गाऊन गोष्ट सांगतो. ज्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली त्या परशुराम गंगावण्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या आहेत, पांगाऱ्याच्या लाकडाच्या कळसूत्री आहेत. मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते. ती आधी मोबाईल काढून उभी होती, मग एका चित्रातल्या डोळ्यांजवळ नाक नेऊन बघायला लागली, सगळे चेहरे एका बाजूनं काढलेले आणि डोळा मात्र समोरून बघणारा, हे तिच्याच लक्षात आलं, माझ्या इतक्या वर्षांत नव्हतं आलं. दीड तास हलली नाही. मला बाहेर डास चावले.

तिथून सावंतवाडी वीसेक किलोमीटर, आणि हा दिवस सासूबाईंचाही. चितारआळीत लाकडी फळं, खेळण्यातलं जातं-पाटा बघून त्या रमतील, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, रंगवणारे कलाकार बसलेले असतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०, प्रत्येक अवताराचे बारा, गोल, हातानं रंगवलेले. लेकीला तिथे एकटीला सोडा आणि तुम्ही मोती तलावाच्या काठी आजींबरोबर बसा. पोरग्याला मात्र या दिवशी आणूच नका, तो बापाबरोबर पाण्यातच बरा.

आणि एक गोष्ट पैसे न देता होणारी. सकाळी किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढत असतील तर नुसतं बघत उभं राहू नका, विचारा. “हात लावू का?” म्हटलं की “येवा येवा, दोरी धरा” असंच उत्तर येतं. लांबच लांब दोर, दोन्ही टोकांना माणसं, मागे मागे सरकत ओढायचं, हाताला काथ्या टोचतो, अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मग शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते तेव्हा आत बांगडे, पेडवे, एखादा फुगलेला केंड मासा, सगळं तडफडत चमकत असतं. पोरांपैकी एखादं म्हणेल ई, एखादं हात घालेल, एखादं व्हिडिओ काढेल. चालतंय.

तिकीटं मात्र डोळ्यांत तेल घालून काढा. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या गाड्या बघता बघता भरतात. पुण्याहून घाटानं गाडी घेऊन येणार असाल तर प्रश्नच नाही. नाताळचा आठवडा टाळलात हे उत्तम केलंत, तेव्हा तारकर्लीला वाळू कमी आणि माणसं जास्त असतात. जेवायला एखाद्या घरगुती ठिकाणी आधी सांगून ठेवा, शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या मागा, नाहीतर पनीर येतं.

प्रश्न : आम्ही राहतोच चिपळूणला. दर सुट्टीत मुंबई-पुण्याचे नातेवाईक आमच्याकडे, आम्ही त्यांना गुहागर दाखवतो, परशुराम दाखवतो. माझी मुलं (१५ आणि १३) म्हणतात आम्हाला कधी नेणार? बीच म्हटलं की दोघांना शिसारी येते. मोठ्याला प्राण्यांचं वेड, धाकटीला कसलंच नाही. – एक बाबा

उत्तर : पोरांचं बरोबर आहे हो. पाहुण्यांच्या मागे सरबताचा ट्रे घेऊन फिरणं याला सुट्टी म्हणत नाहीत.

मोठ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला न्या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. अंडी उबायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात त्यामुळे अमुक दिवशी पिल्लं निघतीलच असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून एक रात्र राहायचंच असं ठरवून जा, गावात घरोघरी सोय होते. आणि हे काम २००२ पासून ज्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं उभं केलं ती तुमच्या चिपळूणचीच, पोराला नुसता पर्यटक म्हणून कशाला नेताय, संस्थेत जाऊन काही मदत लागते का विचारू दे त्याला. परीक्षा जवळ असते हे मला माहितीये, शनिवार-रविवारात होतं.

धाकटीला कसलंच वेड नाही हे मला पटत नाही, तेराव्या वर्षी ते सांगायचं नसतं इतकंच. तिला न विचारता एकदा राजापूर तालुक्यात कशेळीला घेऊन जा. माळावर कातळात कोरलेला हत्ती आहे, अठरा मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. म्हणजे भावाचंही काम होतं. तिकडेच देवाचे गोठणेला एक माणसाची आकृती आहे जिथे होकायंत्राची सुई भरकटते, कंपास बरोबर न्या, मोबाईलमधला चालेल. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तरी पाहुण्यांच्या लिस्टमध्ये अजून आलेली नाहीत, तोवर बघून घ्या. दुपारी जाऊ नका, कातळ तव्यासारखा तापतो, आणि शिल्पावर पाय देऊ नका. सकाळी किंवा चारनंतर तिरपं ऊन असलं की रेषा स्पष्ट दिसतात.

आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की गाईडचं काम पोरांना द्या, पॉकेटमनी लावून. पाहुण्यांकडून घ्या.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे, बदलापूर. मला ट्रेन आवडतात. बाबा म्हणतात मालवणला कारनेच जायचं कारण कार असली की फिरता येतं. बहिणीला काही फरक पडत नाही, ती कुठेही झोपते. बाबांना कसं पटवू?

उत्तर : अरे मित्रा, भावनिक होऊ नकोस, कागद-पेन घे. मुंबई-गोवा हायवेनं कारला किती तास लागतात ते बाबांनाच लिहायला सांग, मागच्या वेळचे खरे, मनातले नाही. मग पेट्रोल, टोल, दुसऱ्या दिवशीची कंबर. शेजारी गाडीचं तिकीट आणि कुडाळहून मालवणची तीसेक किलोमीटर रिक्षा किंवा एसटी. ‘तिकडे फिरायचं कसं’ हा त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याचं उत्तर तयार ठेव, एक दिवस गाडी भाड्यानं, बाकी रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी बोलायचं काम तुझं.

नाहीच ऐकलं तर तडजोड माग, जाताना ट्रेननं तू आणि एक मोठं माणूस, बाकीचे कारनं, येताना सगळे एकत्र. जनशताब्दीला व्हिस्टाडोम (मोठ्या काचांचा, काचेच्या छताचा) डबा असतो, ठाण्याला पहाटे पकडावी लागेल. पण मला विचारशील तर दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर, ती प्रत्येक क्रॉसिंगला थांबते, लोक वैतागतात, तुला तेच हवंय. उक्षी सोडलं की करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, स्टॉपवॉच लाव. मग रत्नागिरी गेलं की दारातल्या गर्दीत न शिरता खिडकी धरून बस, थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच, खाली दरीत माडसुद्धा कोथिंबिरीच्या जुडीएवढे दिसतात. बाबा सोबत असतील तर नेमका त्याच वेळी त्यांना चहा आणायला पाठवू नकोस.