अपघात ओमानमध्ये, जबाबदारी भोसरीच्या कंपनीची

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो. माझे मिस्टर (वय ३५, पगार ३४ हजार) भोसरीच्या एका कंपनीत फिटर आहेत. कंपनीनं त्यांना मशीन बसवायला ओमानला, सोहारला पाठवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं प्रेसमध्ये सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनी म्हणते, ‘इथला कायदा लागू नाही, चूकही तुमचीच. दीड लाख घ्या आणि सही करा.’ काय करावं?

उत्तर: ताई, त्या कागदावर सही होऊ देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या व्याख्येतच परदेशातल्या कामासाठी कंपनीनं नेमलेला माणूस येतो. मात्र कंपनी भारतात नोंदलेली हवी आणि काम कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या कामांच्या यादीतलं हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हिशेब जुन्या कायद्यानं.

कंपनीचा वकील म्हणेल, ‘नेमणूक भोसरीसाठी होती, परदेशासाठी नव्हती.’ माझ्या मते खरी लढाई इथंच आहे. डेप्युटेशनचं (ओमानला कामावर पाठवल्याचं) पत्र, व्हिसा, तिकीट, त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा, साइटवर काम सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं आजच गोळा करा. पाठवणारी, पगार देणारी आणि कामं सांगणारी कंपनी इथलीच, हे कागदांतून दिसलं पाहिजे.

‘चूक तुमचीच’ एवढं म्हणून भागत नाही. कामगार नशेत होता किंवा त्यानं मशीनचा सुरक्षेचा गार्ड जाणूनबुजून काढला, असं काही कंपनीला सिद्ध करावं लागेल.

आता रक्कम. पगार ३४ हजार असला तरी हिशेबाला १५ हजारच धरतात. २०२० पासूनची ही मर्यादा कुशल कामगारावर सरळ अन्याय करते. एका हाताची तीन बोटं जाणं म्हणजे परिशिष्टाप्रमाणे कमाईची ३० टक्के क्षमता जाणं. कायद्यात वयानुसार गुणक दिलाय; ३५ व्या वर्षाचा १९७.०६. पंधरा हजारांचे ६० टक्के ९ हजार, त्याला गुणकानं गुणून ३० टक्के काढा: ५ लाख ३२ हजार ६२ रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. ओमानच्या कायद्यानं काही भरपाई मिळाली असेल तर ती वजा होते, म्हणून ती लपवू नका.

तुम्ही पुण्यात राहता, म्हणून दावा पुण्यातल्याच नुकसानभरपाई आयुक्तांपुढे चालेल. मुदत अपघातापासून दोन वर्षं. याच अपघातासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावला तर हा रस्ता बंद होतो, तेव्हा आधी वकिलाशी बोला. तडजोड करायचीच झाली तर ती आयुक्तांकडे नोंदवूनच करा. या आठवड्यात कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला अपघाताची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.