प्रोबायोटिक शाम्पू घेऊ का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

यावेळचे बहुतेक प्रश्न 'चांगल्या बॅक्टेरिया'बद्दलचे आहेत. टीव्हीवर, रीलमध्ये, शाम्पूच्या बाटलीवर, जिथे बघावं तिथे प्रोबायोटिक, म्हणजे फायद्याचे म्हणून मुद्दाम घेतलेले जिवंत जंतू, त्यामुळे लोकांचा गोंधळ होणारच. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाचायला सोपं जाईल. पोटासाठी यात बराच दम आहे, त्वचेसाठी थोडाफार, आणि केसांसाठी म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेक जाहिरातच.

प्रश्न : दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला, दोन आठवडे अँटिबायोटिक चाललं. ताप गेला पण पोट अजून धड नाही, कधी जुलाब, कधी नुसता गॅस. आणि आता केस मुठीने गळतायत. मेडिकल स्टोअरवाल्याने प्रोबायोटिक कॅप्सूल दिल्या, म्हणतो पोट सुधारलं की केस आपोआप थांबतील. किती दिवस घेऊ? (वाचक, गोकुळपेठ, नागपूर)

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानदाराने ते एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेत.

आधी पोटाचं बघू. अँटिबायोटिकला टायफॉइडचा जंतू कोणता आणि आपला घरचा कोणता हे कळत नाही, ते दोघांनाही झोडपतं. आणि मोठ्या आतड्यातले हे घरचे बॅक्टेरिया तिथे फुकट बसलेले नसतात, आपण खाल्लेल्या भाजी-डाळीतलं जे फायबर आपल्याला पचत नाही ते ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे ही मंडळी कमी झाली की अस्तराचं खाणं कमी, आणि पोट महिनाभर कुरकुर करतं यात नवल काही नाही. बाय द वे, शरीरात पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात आणि त्यांचं वजन दोन किलो असतं हे जे फॉरवर्ड फिरतं ते सोडून द्या. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशोब केला तेव्हा साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी असा आकडा आला, वजन सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास.

आता कॅप्सूल. अँटिबायोटिक *चालू असताना* काही ठरावीक प्रोबायोटिक घेतले तर जुलाब होण्याची शक्यता कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. त्यातलं एक तर बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे, सॅकरोमायसिस बुलार्डी. आंरी बुलार नावाच्या फ्रेंच माणसाला ते १९२३ मध्ये इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं, कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक त्या सालींचा काढा पीत होते म्हणून त्याचं लक्ष गेलं. यीस्ट असल्याने बॅक्टेरिया मारणाऱ्या औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टर ते सोबत देतात.

पण तुमचा कोर्स संपून बराच काळ झालाय. २०१८ मध्ये इस्रायलमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात अँटिबायोटिकनंतर ज्यांनी प्रोबायोटिक घेतलं त्यांचे मूळचे बॅक्टेरिया परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरच्यांनी जागा अडवून ठेवली आणि घरचे दाराबाहेर. अभ्यास छोटा आहे, त्यावरून घाबरून जाऊ नका, पण 'चांगलंच आहे, घेत राहा, नुकसान तर नाही' हे वाक्य मला पटत नाही. हातात असलेली स्ट्रिप संपवा आणि थांबा, त्याऐवजी जे उरलेत त्यांना खायला घाला. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, चवळी, मेथी, सालासकट फळं, हे सगळं हळूहळू वाढवा, एकदम ताटभर उसळ घेतली तर गॅसने जीव जाईल आणि मग मला शिव्या द्याल. शिजवून थंड केलेल्या भातातला थोडा स्टार्चही न पचता खालपर्यंत पोचतो, तो या बॅक्टेरियांना आवडतो, फक्त भात ओट्यावर ठेवून 'शिळा' करू नका. आपल्याकडच्या गर्मीत त्यात दुसरेच जंतू वाढतात, त्यातला बॅसिलस सिरियस उकळूनही मरत नाही, त्याचे बीजाणू टिकतात. भात लवकर गार करून फ्रिजमध्येच ठेवायचा. आणि जुलाबात रक्त, परत ताप किंवा वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

केसांचं कारण जवळपास नक्की तापाचं आहे. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, असा दणका बसला की भरपूर केस एकदम वाढ थांबवून 'विश्रांती'त जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी ते सगळे मिळून गळतात. दिवाळीनंतर ताप आणि आता गळती, हिशोब बरोबर जुळतो. गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून मुळाकडचं टोक बघा, तिथे बारीक पांढरा गोळा दिसला तर तो पूर्ण वाढून, विश्रांती घेऊन गळालेला केस आहे, मधे तुटलेला नाही. ही गळती बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत आपली आपण थांबते. त्यासाठी प्रोबायोटिक नको. पैसे खर्च करायचेच असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड करून घ्या, बायकांमध्ये गळती लांबते ती बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेपायी.

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याहून लिहून राहिलो. कोंडा काही केल्या जाऊन नाही राहिला. आई रोज रात्री तेल थापते, म्हणते डोकं कोरडं पडलं म्हणून कोंडा. आता बायकोने प्रोबायोटिक शाम्पू आणला, पाचशेचा! काऊन बाप्पा, खरंच काही होते का त्यानं?

भाऊ, पाचशे रुपये गेले ते गेले, पण आईचं तेल आजच बंद करा.

कोंड्याच्या मागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्या डोक्यावर असते, माझ्याही. तिला स्वतःची फॅटी ॲसिड बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या टाळूचं तेल फोडून खाते आणि मागे ओलेइक ॲसिड सोडते. ज्यांच्या टाळूला ते सहन होत नाही त्यांची कातडी भराभर सुटायला लागते, तोच कोंडा. म्हणजे वरून आणखी तेल थापणं म्हणजे तिला पंगत वाढणं. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दिसत नाहीत, म्हणून आईला वाटतं कमी झाला. आईशी भांडू नका, रविवारी न्हायच्या तासभर आधी लावू द्या, रात्रभर नको.

शाम्पूचं म्हणाल तर बाटलीत जिवंत बॅक्टेरिया असूच शकत नाहीत. शाम्पू सडू नये म्हणून त्यात जंतू मारणारे प्रिझर्व्हेटिव्ह घालावेच लागतात. मागचं बारीक अक्षर वाचा, 'फरमेंट' किंवा 'लायसेट' असं काहीतरी दिसेल, म्हणजे मेलेल्या बॅक्टेरियांचे तुकडे. त्वचेला त्याने थोडं मऊ वाटत असेल तर असेल, कोंड्यावर इलाज नाही तो. इलाज म्हणजे केटोकोनॅझोल दोन टक्केवाला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, लावून लगेच धुवायचा नाही, तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. सगळेजण इथेच चुकतात, औषधी शाम्पू साबणासारखा लावतात आणि बादली ओततात. महिनाभरात उतरला की मग आठवड्यातून एकदा चालू ठेवा कारण बुरशी काही घर सोडून जात नाही.

आणि तुम्ही गाडीवर फिरत असाल तर हेल्मेटचं आतलं अस्तर धुता का कधी? मेच्या महिन्यात त्याचा वास घेऊन बघा, उत्तर मिळेल.

याच बुरशीमुळे पाठीवर-मानेवर फिकट चट्टेही येतात, पावसाळा सुरू झाला की जास्तच, आणि लोक कोड समजून घाबरतात. ते कोड नाही, बुरशीच्या औषधाने जातं, रंग भरायला मात्र काही महिने लागतात.

प्रश्न : घरचं दही चांगलं की दुकानातलं 'प्रोबायोटिक' दही? उन्हाळ्यात आमचं दही दुपारपर्यंत इतकं आंबतं की कोणी खात नाही. आणि रात्री दही खाऊ नये हे खरं का? (वाचक, महाल)

दह्याचा एवढा बोलबाला झाला त्याचं श्रेय बऱ्याच अंशी रशियन साम्राज्यात (आजच्या युक्रेनमध्ये) जन्मलेल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांना जातं. पॅरिसमध्ये बसून त्यांनी मांडलं की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे. त्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं, पण ते दह्यासाठी नाही, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. स्वतः रोज आंबट दूध पिऊन ते ७१व्या वर्षी गेले, म्हणजे दही काही अमृत नव्हे.

घरच्या दह्यात जिवंत बॅक्टेरिया भरपूर असतात, पण कोणते आणि किती हे तुमच्या विरजणावर अवलंबून. विकत मिळणाऱ्या 'प्रोबायोटिक'मध्ये ठरावीक जात घातलेली असते, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे दिवसाच्या वाट्यात ते किमान १० कोटी जिवंत असावे लागतात. फरक एवढाच. धडधाकट माणसाला रोजच्या जेवणात घरचं दही-ताक पुरतं. दुधाने ज्यांचं पोट फुगतं त्यांनाही दही चालतं, कारण त्यातले बॅक्टेरिया दुधातली साखर फोडायला मदत करतात, ही गोष्ट पक्की सिद्ध झालेली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ जणांवर एक प्रयोग झाला होता, दहा आठवडे रोज दही, केफिर, किमची असले आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्लेल्या गटाच्या पोटात बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी काही प्रथिनं कमी झाली. आपली आंबील त्याच कुळातली, पण आंबवल्यावर ती शिजवतो म्हणून जिवंत असं काही राहत नाही, वरून ताक घालून प्यायलात तर ते आलं.

आंबट होण्याबद्दल. मेअखेरच्या नवतपात आपल्याकडे स्वयंपाकघरच ४० च्या वर असतं, दह्याच्या बॅक्टेरियांना हवं तेच तापमान, म्हणून तीन-चार तासांत लागतं आणि नंतर आंबतच जातं. विरजण अर्धा चमचा घ्या, नीट घोळवा, रात्री उशिरा लावा, आणि भांडं तिरपं केल्यावर दही हललं नाही की *लगेच* फ्रिजमध्ये. कूलरसमोर ठेवून काही होत नाही. जास्त आंबट म्हणजे जास्त गुणकारी असंही नाही, फक्त लॅक्टिक ॲसिड जास्त. त्याची कढी करा. हो, कढी उकळली की त्यातले बॅक्टेरिया गेले, पण गोळा-भातावर कढी ओतताना कोणी बॅक्टेरिया मोजतं का.

रात्री दही चालतं. ॲसिडिटीवाल्यांनी झोपायच्या तोंडावर पोटभर काहीच खाऊ नये, दही असो की सावजी.

किमो चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाने मात्र प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, अशांना त्यातलेच जंतू क्वचित रक्तात जाऊन त्रास देतात.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, जिमला जातो, चेहरा पिंपल्सनी भरलाय. दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुतो, वर संत्र्याच्या सालीच्या पावडरने घासतो. मी दही-लिंबू लावायला सांगते. बरोबर ना? (वाचक, सक्करदरा)

लिंबू आधी खाली ठेवा! लिंबाचा रस लावून आपल्या उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. नुसतं दही लावलं तर लॅक्टिक ॲसिडने थोडं मऊ वाटेल, पण दह्यातले बॅक्टेरिया चेहऱ्यावर घर करत नाहीत, धुतले की गेले.

चेहऱ्यावर राहणारे वेगळेच. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट, आणि तिथे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे बॅक्टेरिया राहतात, ते ॲसिड आणि जंतुनाशक प्रथिनं सोडून त्रासदायक जंतूंना थोपवतात. साध्या वडीच्या साबणाचा पीएच नऊ-दहा. दिवसातून सहा वेळा धुवून तो त्यांचं घर रोज मोडतोय, आणि सालीच्या पावडरने घासून आहे ती सूज वाढवतोय. पिंपल्समागचा क्युटिबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया सुद्धा सगळ्यांच्याच रोमछिद्रांत असतो, तो पूर्ण मारायचा नसतो आणि मरतही नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, रात्री अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड पातळ थर, आणि जुना पांढरा उशीचा अभ्रा, कारण या पेरॉक्साइडने रंगीत कपड्याचा रंग उडतो. दोन-तीन महिने धीर धरा. व्हे प्रोटीनचा डबा चालू असेल तर काही दिवस बंद करून बघा, काहींना त्यानेच उठतात. आणि दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडवाली क्रीम नको म्हणजे नको, आठवडाभर चेहरा छान दिसतो आणि मग दुप्पट भडकतो. खड्डे पडायला लागलेत असं वाटलं तर थेट स्किनच्या डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं, सिझर झालं. सासूबाई म्हणतात पोटात चांगले जंतू जावेत म्हणून मध चाटव. (वाचक, प्रतापनगर)

वर्षाच्या आत मध अजिबात नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते उगवून विष करतात, बाळ लुळं पडू शकतं. सिझरच्या बाळाच्या पोटात सुरुवातीला वेगळे बॅक्टेरिया असतात हे खरं आहे, पण त्याची सोय अंगावरच्या दुधात आहे. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या बॅक्टेरियांसाठीच असतात. सहा महिने फक्त तेच, वरचं पाणीसुद्धा नको, मे महिना असला तरी. सासूबाईंना मधाचं बाळाच्या डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, पुढच्या लसीला सोबत घेऊन जा.