एकाच भुलीत पित्ताशय, गर्भाशय आणि बेंबीचा हर्निया

प्रश्न : वय ४७. पित्ताशयात खडे आहेत, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ येते. गर्भाशयात ७ सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ आहे, पाळीत फार रक्त जातं; हिमोग्लोबिन ८.४. बेंबीचा लहान हर्नियाही आहे. तिन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून एकदमच उरकता येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतील, पण लगेच नकोत. ८.४ हिमोग्लोबिनवर ठरवून गर्भाशय काढायला घेऊ नये. आधी शिरेतून लोह घ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधं सुरू करा. काही आठवड्यांत आकडा १० च्या वर गेला की तारीख ठरवा. तेवढ्यात दोन तपासण्या करून घ्या. पहिली, गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी. या वयात ती टाळून गर्भाशय काढलं आणि नंतर कर्करोग निघाला, तर ऑपरेशन अपुरं पडतं. दुसरी, लिव्हरच्या रक्तचाचण्या. बिलिरुबिन वाढलेलं असेल किंवा सोनोग्राफीत पित्तनलिका रुंद दिसली, तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करावं लागेल. नलिकेत खडा असेल तर तो बहुधा एंडोस्कोपीने आधी काढतात.

ऑपरेशनच्या वेळी सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघंही हजर हवेत. सुरुवात पित्ताशयापासून करावी. ते फार चिकटलेलं निघालं, वेळ लांबला, तर तिथेच थांबून गर्भाशय पुढे ढकलता येतं. या टप्प्यात टेबल डोक्याकडून वर आणि डावीकडे कललेलं असतं, पोटात कार्बन डायऑक्साइडचा दाब १२ ते १४ मिमी पारा. पित्ताशय थैलीत घालूनच बाहेर काढायचं. फाटून खडे सांडले तर एकेक वेचावा लागतो, राहिलेला खडा पुढे पू धरू शकतो. मग गर्भाशयासाठी टेबल उलटं, डोकं खाली. त्याआधी यकृताभोवतीचं पाणी पूर्ण शोषून घ्यायचं. बेंबीचं छिद्र दोन्ही कामांना चालतं, खालच्या पोटावर मात्र नवी छिद्रं लागतात.

हर्नियाचं भोक दुर्बीण घालायला वापरून शेवटी शिवता येतं. भोक १ सेंटीमीटरहून मोठं असेल तर एरवी जाळी बसवतात. इथे मात्र योनीमार्ग उघडलेला असतो, पित्तही सांडलेलं असू शकतं. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर ती काढावी लागू शकते. म्हणून आमचं मत, आत्ता फक्त टाके घ्यावेत. हर्निया परत आला तर जाळी नंतर बसवता येते. ‘पोट उघडलंच आहे तर अपेंडिक्सही काढा’ असा आग्रह मात्र कोणी करू नये. प्रत्येक ऑपरेशनला स्वतःचं कारण हवं.

एकूण वेळ साधारण तीन तास. वेळ लांबला की पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. दाबमोजे घाला, त्याच संध्याकाळी चार पावलं चाला. गॅसमुळे खांदा एक-दोन दिवस दुखतो, घाबरू नका. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पिवळे डोळे किंवा योनीतून पाण्यासारखी गळती दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जड उचलणं सहा आठवडे बंद.

विमा कॅशलेस असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात तिन्ही ऑपरेशनांची नावं लिहून घ्या. एकत्र केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्याचा पूर्ण खर्च मिळेलच असं नाही, हे आधीच विचारा.